मनी का वाढेना?

मी उंची मोजायची एक जुनी पट्टी आहे. पट्टी म्हटल्यावर तुमच्या दप्तरातली वीतभर पट्टी डोळ्यांपुढे आणू नका, मित्रांनो. मी दाराहून जेमतेम हातभर ठेंगणी आहे. माझी पाठ सागवानी फळीची, पोटावर पितळी आकडे, पायाशी उभं राहायला एक पाट आणि वरखाली सरकणारी लाकडी टोपी. तुम्ही माझ्याकडे पाठ करून उभे राहता, टोपी हळूच तुमच्या डोक्यावर टेकते आणि कोणीतरी आकडा वाचतं. माझं काम एवढंच. पण या एवढ्याशा कामात केवढी धमाल असते, ते सांगायला मी केव्हाची उतावीळ झाले आहे. भिंतीला खिळलेल्या वस्तूला ऐकणारं कोणी मिळत नाही, त्यामुळे आज तुम्हाला लवकर सोडणार नाही.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. लाकूड सुताराचं, पितळेवरचे आकडे त्याच्या मेहुण्याचे. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, पण ते भांडणातूनच दिसायचं. शून्याचा आकडा कुठे मारायचा, यावर त्यांनी अख्खी सकाळ घालवली.

"शून्य जमिनीपाशी," मेहुणा म्हणाला.

"पोरं जमिनीवर उभी राहणार की पाटावर?" सुताराने विचारलं.

"पाटावर."

"मग पाटाची जाडी पोरांच्या नावावर फुकटात का टाकतोस?"

मेहुण्याने डोकं खाजवलं आणि शून्य पाटाच्या वरच्या कडेशी मारलं. त्या दोघांचे उपकार मी कधी विसरले नाही. शून्यच चुकीच्या जागी असतं तर जन्मभर खोटं बोलणं माझ्या नशिबी आलं असतं.

तिथून मी एका दवाखान्यात आले. तिथले म्हातारे डॉक्टर मायाळू होते, पण ताप, खोकला, जुलाब यांतून त्यांना मान वर करायला सवड मिळत नसे. पोरगं खणखणीत रडलं की ते म्हणत, "ठणठणीत आहे," आणि पुढच्याला हाक मारत. मला कोणी हात लावेना. पहिल्यांदा माझ्या टोपीला कोणीतरी छत्री अडकवली. मग दुसरी छत्री आली, मग एक पिशवी, मग कोणाचा तरी ओला कोट. बघता बघता मी दवाखान्यातली खुंटी झाले. पाण्याने माझी टोपी फुगली आणि जागच्या जागी अडकून बसली. एका पोराने माझ्या पोटावर पेनने मिशीवाला माणूस काढला. मुलं समोरून जात होती, वाढत होती, मोठी होऊन स्वतःची मुलं घेऊन येत होती, आणि त्यांपैकी एकाच्याही डोक्याला माझा स्पर्श झाला नव्हता. फार कंटाळवाणी वर्षं होती ती. त्यांच्याबद्दल जास्त सांगत नाही.

कारण खरी मजा पुढे आहे. म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर डॉक्टरबाई आल्या. या खास लहान मुलांच्या डॉक्टर. पहिल्याच दिवशी त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, सगळ्या छत्र्या काढून त्यांनी कोपऱ्यात ठेवल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, ही पट्टी आहे होय? मला वाटलं कपाट आहे."

सिस्टर म्हणजे तिथली नर्स, धिप्पाड आणि खणखणीत आवाजाची. तिने आणि डॉक्टरबाईंनी मिळून मला धुतलं, पुसलं, टोपी सोडवून तिच्या खाचेत मेण घातलं. मिशीवाला माणूस मात्र पुरता गेला नाही, अजूनही अंधूक दिसतो. मग डॉक्टरबाईंनी एक मीटर लांबीची लोखंडी सळई माझ्या पाटावर उभी केली, टोपी खाली आणली आणि वाकून आकडा पाहिला. बरोबर एक मीटर.

"बाई खरं बोलतेय," त्या सिस्टरला म्हणाल्या.

मित्रांनो, त्या दिवशी मला झालेला आनंद मी कुठे ठेवू असं झालं होतं.

त्यानंतर रोज मुलं माझ्यापुढे उभी राहू लागली. सर्दी झालेलं येवो की हात मोडलेलं येवो, डॉक्टरबाईंकडे जाण्याआधी प्रत्येकाला माझ्याकडे यावंच लागे. सिस्टरचा मंत्र मला पाठ झाला. "बूट काढ. केसातला चिमटा काढ. टाचा मागे, पाठ मागे, नजर सरळ. श्वास घे." मग ती दोन बोटांनी हनुवटी किंचित सावरायची आणि टोपी खाली आणायची. काही बहाद्दर टाचा उचलायचे. सिस्टर त्यांच्याकडे न बघताच म्हणायची, "खाली."

एका मुलाने तर कमाल केली. वर्गात तो सगळ्यांत बुटका, आणि मिसरूड फुटलेल्या मित्रांमध्ये याचा आवाजही अजून बारीक. त्याने मोज्यांमध्ये वर्तमानपत्राच्या घड्या घालून आणल्या होत्या. सिस्टरने मोजे काढायला लावले तेव्हा अख्खं क्रीडा पान बाहेर पडलं. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढून घेतला, कारण हाताच्या हाडांवरून शरीराचं खरं वय कळतं. हाडं त्याच्या वयापेक्षा मागे होती. त्यांनी त्याच्या वडिलांना विचारलं, "तुम्ही उंच कधी झालात?"

"कॉलेजात गेल्यावर," वडील म्हणाले. "आई वैतागायची. शिवलेली पँट महिन्यात आखूड."

"मग हासुद्धा तुमच्याच गाडीने येणार," डॉक्टरबाई मुलाला म्हणाल्या. "गाडीला उशीर आहे, ती रद्द झालेली नाही. औषधाची गरज नाही तुला. हे वर्तमानपत्र तेवढं घरी घेऊन जा."

असं एकेक बघत मला कळू लागलं की बुटकी मुलं सगळी एकसारखी नसतात. कोणाचे आईवडीलच ठेंगणे असतात, आणि मूल त्यांच्यासारखं होतं, तेही अगदी निरोगी. कोणाची गाडी उशिराची असते. आणि एखाद्याची गाडी मधल्याच कुठल्यातरी स्टेशनावर थांबून राहिलेली असते आणि गाडीतल्या कोणालाच ते कळलेलं नसतं. या तिसऱ्या प्रकारची एक मुलगी मला भेटली. आता तिचंच सांगते.

एके दिवशी एक आई दोन मुलींना घेऊन आली. धाकटीच्या नाकात मणी अडकला होता. तिला घरात सगळे भोंगा म्हणत, आणि का म्हणत ते दवाखान्याच्या पायरीपासूनच कळत होतं. डॉक्टरबाईंनी मणी काढला. भोंगा रडायची थांबली आणि लगेच म्हणाली, "आता मला मोजा."

सिस्टरने तिला मोजलं. मग भोंगा म्हणाली, "आता ताईला."

ताई कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. बाहेर ऊन होतं, तरी तिच्या अंगात लोकरीचा स्वेटर होता. ती उठली, सावकाश चालत आली, सावकाश बूट काढले आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिची पाठ माझ्या फळीला टेकली आणि मी दचकलेच. गार पाठ होती ती. मी लाकूड आहे, मला उबदार मुलांची सवय आहे.

सिस्टरने टोपी खाली आणली. आकडा वाचला. परत वर नेली, परत खाली आणली.

"ही धाकटी ना?" तिने आईला विचारलं.

"नाही हो, ही थोरली. ती भोंगा धाकटी. दोन वर्षांचं अंतर आहे."

भोंगा थोरलीपेक्षा चांगली वीतभर उंच होती.

आई हसत म्हणाली, "सगळे असेच फसतात. ही आमची मनी. मांजरासारखी उबेला बसून राहते, म्हणून मनी. गुणाची आहे हो फार. हिने कधी आवाज चढवला नाही, कधी हट्ट केला नाही. भोंग्याने मला जेरीस आणलंय, पण हिला बसवलं तिथे बसून राहते. शाळेतल्या बाई तर म्हणतात, अशा मुली मिळाल्या तर मी शंभरांचा वर्ग सांभाळेन."

डॉक्टरबाईंनी मनीचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. त्यांनी नाडी पाहिली, तिच्या कोरड्या, खरखरीत कोपरावरून अंगठा फिरवला, थोड्या सुजलेल्या पापण्यांकडे पाहिलं. मग मनीला घोटभर पाणी प्यायला सांगून तिच्या गळ्याकडे बारकाईने बघत राहिल्या.

"थंडी वाजते का गं तुला?"

मनीने विचार केला. तिचं उत्तर नेहमी जरा लांबून चालत यायचं. "थोडी."

"शौचाला रोज होते?"

"तीनचार दिवसांनी होते," आई म्हणाली. "खातच कुठे काही ती."

"आणि कपडे? दरवर्षी नवे लागतात?"

आईचा चेहरा उजळला. "तेच तर, हिचे कपडे काय टिकतात म्हणून सांगू. भोंगा वर्षात दोन फ्रॉक उसवते. मनीचा फ्रॉक दुसरीतला आहे, अजून अंगाला बरोबर येतो. आता तर उलटंच झालंय, भोंग्याचे आखूड झालेले मनीला चालतात."

डॉक्टरबाईंनी हे सगळं कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी तिच्या बाबांना घेऊन या. उद्या आलात तरी चालेल."

मला राहवेना. मी तिच्या डोक्यावर टोपी टेकवलेली होती, गार पाठ मला लागली होती, आणि आता डॉक्टरबाई माग काढायला निघाल्या होत्या. पण मी भिंतीला खिळलेली. उद्याची वाट बघण्याखेरीज काय करणार?

दुसऱ्या दिवशी बाबा आले ते ओठ घट्ट मिटून. त्यांचं बुटांचं दुकान होतं. स्वतः ठेंगणे होते आणि पायात त्यांनी स्वतःच बनवलेले, दोन बोटं जाडीच्या टाचांचे बूट होते. त्यांना खुर्ची दाखवली तरी ते बसले नाहीत.

"माझे वडील बुटके होते," ते म्हणाले. "मी बुटका. माझी बहीण बुटकी. शाळेत मला पावशेर म्हणायचे. आता त्याच पोरांची पोरं माझ्या दुकानात बूट घ्यायला येतात. बुटकं असणं हा काय आजार आहे का?"

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अजिबात नाही."

बाबांनी घरून भांडणाची जय्यत तयारी करून आणली होती. समोरून असं सरळ उत्तर आल्यावर त्यांना पुढचं वाक्य सापडेना.

"मग तिला सुया कशाला टोचायच्या?"

"ते नंतर बघू. आधी तुम्हाला मोजते. बूट काढा."

बाबा जागचे हलले नाहीत. त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं, मग मुलींकडे. मला वाटतं, मुलींनी त्यांना घराबाहेर त्या टाचांशिवाय कधी पाहिलं नसावं.

मग मनी सावकाश म्हणाली, "बाबा, सिस्टर सगळ्यांनाच बूट काढायला लावतात."

बाबांनी खाली वाकून नाड्या सोडल्या. माझ्या पाटावर चढले आणि पाठ टेकून उभे राहिले. त्यांच्या शर्टाला घाम आला होता. मी माझी टोपी त्यांच्या डोक्यावर जितकी हळू टेकेल तितकी टेकू दिली. त्यानंतर आईचीही उंची मोजून झाली. डॉक्टरबाईंनी कागदावर थोडी बेरीज-वजाबाकी केली आणि सगळ्यांना माझ्याजवळ बोलावलं.

"तुम्ही दोघं ठेंगणे आहात, तेव्हा तुमच्या मुली ताडमाड होणार नाहीत. त्यात काही वाईट नाही. पण तुम्ही बुटके असलात तरी दरवर्षी थोडे थोडे वाढत आलात ना? तुमच्या घरातली मुलगी या वयात साधारण इथे हवी." त्यांनी माझ्या पितळेवर एक बोट ठेवलं. "आणि मनी आहे इथे." दुसरं बोट त्यांनी बरंच खाली ठेवलं. "ही मधली जागा तुमच्या घराण्याची नाही. ती कशाची आहे, ते मला शोधायचं आहे."

बाबा त्या दोन बोटांकडे बघत राहिले.

"तिला नवे बूट कधी घेतले होते?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"घेतले की. आपलंच दुकान आहे, डॉक्टरबाई. मागच्याच..." आणि ते थांबले. मग गुडघ्यावर बसले, मनीचा बूट उचलून उलटा केला आणि तळव्यावरचा नंबर पाहिला. तो त्यांना पाठ असणार, तरी पाहिला. "तळवा झिजला म्हणून नवा दिला होता," ते म्हणाले. "नंबर तोच. त्याच्या आधी दिला तोही याच नंबराचा होता." बूट हातात तसाच धरून ते म्हणाले, "दिवसभर मी लोकांच्या पोरांचे पाय मापतो. आयांना सांगतो, एक नंबर मोठा घ्या, पोरं वाढत असतात."

"मला हेच बरोबर होतात बाबा," मनी त्यांची समजूत घालत म्हणाली.

बाबांनी बूट खाली ठेवला आणि डॉक्टरबाईंना म्हणाले, "काय तपासायचं ते तपासा."

डॉक्टरबाईंनी त्यांना बसवून सगळं समजावलं. वाढ थांबायला कारणं पुष्कळ असतात. कधी खाल्लेलं अन्न आतड्यात नीट शोषलं जात नाही. कधी मूत्रपिंडाचा एखादा जुना आजार आतल्या आत वाढ खात असतो. कधी मेंदूखालची वाटाण्याएवढी ग्रंथी वाढीचा रस कमी सोडते. मुलींमध्ये एक कारण जन्मतःच पेशींच्या रचनेत असू शकतं. आणि कधी गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावते. तिच्या रसावर शरीराची सगळी चूल पेटते. चूल मंदावली की शरीर गार पडतं, नाडी हळू चालते, पोट जड राहतं आणि वाढ बंद होते.

"मला संशय या शेवटच्या कारणाचा आहे," त्या म्हणाल्या. "पण नुसत्या संशयावर मी औषध देत नाही. रक्त तपासू, म्हणजे बाकीचीही कारणं एकेक करून बाजूला काढता येतील. आणि हाताचा एक्स-रे."

रक्त काढताना मनी रडली नाही. तिच्याबदली भोंगा रडली.

एक्स-रे संध्याकाळी आला. तो दिव्याच्या पेटीवर लावला, तो नेमका माझ्यासमोर. मनगटापाशी छोट्या हाडांचे दाणे असतात आणि मूल वाढतं तसे ते एकेक करून उमटतात. नऊ वर्षांच्या मुलीच्या मनगटात जेवढे दाणे दिसायला हवेत, तेवढे मनीच्या मनगटात नव्हते. पाच वर्षांच्या मुलीचा हात वाटत होता तो.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे हाडंही वाढली नाहीत."

"ही चांगली बातमी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हाडं पिकून गेली असती तर वाढीची दारं बंद झाली असती. मनीची दारं अजून सताड उघडी आहेत. पण म्हणून उशीर करून चालणार नाही."

आणि मग रक्ताच्या तपासणीचा निकाल आला. डॉक्टरबाई खोलीत एकट्याच होत्या. त्यांनी कागद वाचला, परत वाचला, आणि चालत येऊन माझ्या टोपीला अशी टिचकी मारली की ती वरच्या टोकापर्यंत सरकली.

"सापडलं," त्या म्हणाल्या.

खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं, तेव्हा हे मलाच उद्देशून होतं असं मी धरून चालते. थायरॉईडचा रस मनीच्या रक्तात जवळजवळ नव्हताच. बाकी सगळं नीट होतं. माझी टोपी त्या दिवशी बराच वेळ थरथरत होती. सिस्टर म्हणाली, मेण जास्त झालंय. मला काय झालं होतं ते माझं मला ठाऊक.

औषध म्हणजे एक चिमुकली गोळी. रोज सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर थोडा वेळ काही खायचं नाही.

"किती दिवस?" बाबांनी विचारलं.

"बहुतेक कायमची."

"कायमची?"

"तुम्ही चष्मा कायमचाच लावता ना? तसंच. तिच्या शरीरात जे बनत नाही, तेवढंच आपण बाहेरून देतोय. आणि एक आधीच सांगते, गेलेली सगळी उंची परत मिळेल असं वचन मी देत नाही. पण मुलगी वाढायला लागेल."

ते गेले, आणि माझी वाट बघण्याची परीक्षा सुरू झाली. मध्ये मनी रक्त तपासायला येऊन गेली, गोळीचं प्रमाण थोडं बदललं. पण डॉक्टरबाई म्हणाल्या की इतक्यात मोजून उपयोग नाही, उंची घाईने मोजली की नुसता गोंधळ होतो. हे मला पटत होतं, पण तिची पाठ माझ्यापासून दोन हातांवरून निघून गेली तेव्हा जिवाची घालमेल झाली खरी. आता ती गार आहे की कोमट, एवढं तरी कळायला हवं होतं.

कित्येक महिन्यांनी एकदा दवाखान्याच्या पायऱ्यांवर धडाधड पावलं वाजली. दार उघडलं आणि दोन मुली एकाच वेळी आत घुसायच्या नादात दारातच अडकल्या.

"मी आधी."

"मी आधी. मी मोठी आहे."

"पण मी उंच आहे."

"राहशील किती दिवस बघतेच."

हा दुसरा आवाज मी ओळखला नाही, मित्रांनो. तोंड वळलं तेव्हा कळलं की ती मनी होती. स्वेटर अंगात नव्हता. पापण्यांवरची सूज उतरली होती आणि डोळे इकडून तिकडे पळत होते. तिने उभ्याउभ्या पायानेच बूट भिरकावले, तेही नवे होते, आणि सिस्टरने सांगायच्या आत माझ्या पाटावर उडी मारली. पाठ टेकली.

उबदार पाठ होती.

सिस्टरने टोपी खाली आणली आणि टोपी आधीच थांबली. पितळेवर मागच्या वेळी जिथे थांबली होती त्याच्या कितीतरी वर. चार बोटं म्हणा, थोडी जास्तच. सिस्टरने आकडा वाचला, परत मोजलं, आणि मग त्या धिप्पाड बाईने नाक पुसायला रुमाल काढला.

बाबा खुर्चीवर बसले होते, तोंडभर हसत. आई मात्र अवघडलेली दिसत होती.

"वाढतेय, ते छानच झालं," ती डॉक्टरबाईंना म्हणाली. "पण एक विचारायचं होतं. गोळी जरा कमी करता येईल का?"

"का हो?"

"अहो, ही पूर्वी अशी नव्हती. उलट उत्तरं देते. भोंग्याशी दिवसभर भांडते. काल दोघींनी मिळून कपाटाच्या वर चढून पाहिलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, वर्गात सारखी बोलत असते, पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकाशी. मला वाटतं औषध बाधतंय तिला."

डॉक्टरबाईंनी मनीला तपासलं. नाडी पाहिली, पुढे केलेले हात थरथरत नाहीत ना ते पाहिलं, ताज्या रक्ताचे आकडे वाचले. "गोळी अगदी बरोबर बसली आहे," त्या म्हणाल्या. "जास्त झाली असती तर मीच कमी केली असती. गोळीने ती खोडकर झालेली नाही. ती मुळात अशीच असावी. आपल्याला भेटतेय आत्ता."

आई कसनुशी हसली. "पण ती किती गुणाची होती. कधी म्हणजे कधी त्रास दिला नाही. का गं मनी, तेव्हा कशी शहाण्यासारखी बसायचीस?"

मनी अजून माझ्या पाटावरच उभी होती. या वेळी उत्तर लांबून चालत आलं नाही.

"मी दमलेली असायचे," ती म्हणाली. "आपला जिना चढताना, दप्तर उचलताना, बोलतानासुद्धा. मला वाटायचं सगळ्यांनाच तसं होतं. कोणी सांगत नाही, म्हणून मीही सांगितलं नाही."

आईने हात पुढे केला आणि मनीला माझ्या पाटावरून ओढून जवळ घेतलं. इतकं घट्ट, की भोंगाही त्या मिठीत बाजूने घुसली आणि कोणी तिला हटकलं नाही.

"मी हिला चारचौघांत मिरवायचे," आई डॉक्टरबाईंना म्हणाली. "बघा, माझी मनी कशी शांत."

"आता भांडखोर म्हणून मिरवा," बाबा म्हणाले.

गोळी तेवढीच राहिली. मनी अजूनही येते. भोंगा अजून तिच्याहून थोडी उंच आहे, पण दोघींचे आकडे एकमेकांच्या जवळ येत चालले आहेत. पुढच्या वेळी काय होईल, या विचाराने मला आतापासूनच चैन पडत नाही.

मित्रांनो, मी लाकडाची आहे. मला फक्त एक आकडा सांगता येतो, आणि तोही तुम्ही टाचा टेकवून उभे राहिलात तरच. तुमच्या घरात किंवा शाळेत माझी एखादी बहीण असेल तर तिला छत्र्या अडकवू नका. वर्षातून दोनदा तिच्यापुढे उभे राहा, आणि आज किती आहात यापेक्षा मागच्या वेळेपासून किती वाढलात ते मोठ्या माणसांना विचारा. शाळेच्या रांगेत सगळ्यांत पुढे उभ्या राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला पावशेर म्हणू नका. ते मूल अगदी ठणठणीत असेल, किंवा त्याची गाडी उशिरा येणारी असेल, किंवा कुठेतरी थांबलेली असेल. कोणती, ते चिडवून कळत नाही, तपासूनच कळतं.

आणि एक शेवटचं. तुम्हाला फार थंडी वाजत असेल, जिना चढताना पाय जड होत असतील, बोलायचाही कंटाळा येत असेल, तर सगळ्यांना असंच होतं असं समजून गप्प बसू नका. दुसऱ्याच्या शरीरात शिरून पाहता येत नाही कोणाला. तुमच्या अंगात काय होतंय ते मला नाही कळत, डॉक्टरबाईंनाही नाही, आईबाबांनाही नाही. ते फक्त तुम्हाला माहीत असतं. म्हणून सांगा. कोणी ऐकलं नाही, तर परत सांगा.